ऋषिपंचमीला पाहिलेली लोकसभा

महाबळेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतल्या बचत गटाच्या आम्ही तेरा जणी. गेल्या महिन्यात आपल्या केंद्राच्या ताई वाडीत आल्या, तेव्हा आमचं भांडण चाललं होतं. भांडण कशावरून, तर टीव्हीवर पाहिलेल्या लोकसभेवरून. ताई म्हणाल्या, हेच येऊन बोला की. पण रेडिओवर एका वेळी एकीलाच बोलता येतं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून हे लिहून काढलं आणि एकीला वाचायला बसवलं. ऐकताना मध्येच वाटलं की ह्या बायकांचं एकमत दिसत नाही, तर ते बरोबर आहे. एकमत नव्हतंच.

दिवस होता २० सप्टेंबर २०२३, बुधवार. आदल्या दिवशी गणपती बसले होते आणि त्या दिवशी ऋषिपंचमी होती. म्हणजे बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. अळू, भेंडी, पडवळ, काकडी, मक्याची कणसं असं परसातलं सगळं एका पातेल्यात. भाजी निवडताना थोरल्या आत्या दरवर्षी एक वाक्य म्हणतात, ते याही वर्षी म्हणाल्या, ‘‘बैलाच्या कष्टाचं न खायचा एक दिस हाय, बाईच्या कष्टाचं न खायचा एक बी न्हाई.’’

पाऊस होताच. स्ट्रॉबेरीचे बेड ओढून झाले होते, काहींची रोपं लावायची राहिली होती. पण सण म्हणून रोजगाराला कुणी गेलं नव्हतं. ज्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे त्यांच्या घरी आम्ही भाजी निवडायला बसलो. खरं तर मालिका लावायची होती. पण वहिनींची कॉलेजातली पोरगी सुट्टीला आली होती. तिनं संसद टीव्ही लावला आणि रिमोट पोलक्यात धरल्यासारखा मुठीत धरून बसली. म्हणाली, ‘‘आज तुमच्याबद्दल बोलणार आहेत.’’

आमच्याबद्दल म्हणजे महिला आरक्षणाचं विधेयक. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवायच्या, असं ते विधेयक. त्याला नाव दिलंय ‘नारीशक्ती वंदन अधिनियम’. आदल्या दिवशी, ऐन गणेश चतुर्थीला, संसदेच्या नव्या इमारतीत कायदामंत्री अर्जुनराम मेघवाल यांनी ते मांडलं आणि पंचमीला त्यावर दिवसभर चर्चा झाली.

हिशोब पोरीनंच सांगितला. लोकसभेत ५४३ जागा, त्यात त्या दिवशी बायका होत्या ८२. कायदा लागू झाला की होतील १८१. आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार, त्यात २०१९ साली निवडून आलेल्या बायका २४. त्याच्या होतील ९६. आमच्या खजिनदार बाईंनी आकडे दोनदा विचारून घेतले. त्यांना आकडा तोंडी पटत नाही.

पहिल्यांदा विरोधी बाजूनं सोनिया गांधी उठल्या. कागद बघून बोलल्या, हिंदीत. सुरुवातीलाच धुरानं भरलेल्या स्वयंपाकघराचा उल्लेख आला आणि आमच्यातल्या दोघी-तिघी एकदम गप्प झाल्या. आपल्याकडे गॅस आला तरी पावसाळ्यात आंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच, आणि ओल्या लाकडाचा धूर काय असतो ते आपल्यालाच माहीत. पण एक सून लगेच म्हणाली, ‘‘यांना कुठला धूर?’’ त्यावर थोरल्या आत्या म्हणाल्या, ‘‘धूर नसंल. पर नवरा गेल्यावर घर सांभाळलं का न्हाई?’’ असा पहिला वाद तिथंच झाला. आमचं मत असं की बाईंचं बोलणं सगळ्यांत समजलं. घाई नाही, हातवारे नाहीत. राजीव गांधींनी ग्रामपंचायतीतल्या बायकांसाठी आणलेलं विधेयक राज्यसभेत सात मतांनी पडलं, पुढं नरसिंह रावांच्या वेळी ते झालं, हे त्यांनी सांगितलं. आणि शेवटी विचारलं की बायकांनी अजून किती वर्षं थांबायचं?

त्यांच्यानंतर सरकारच्या बाजूनं पहिला वक्ता उठला तो पुरुष. त्यावरून गलका झाला. मग अमित शहा उठले आणि म्हणाले की बायकांची काळजी फक्त बायकांनीच करायची का, पुरुषांनी करायची नाही का?

इथं आमच्यात सरळ दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, बरोबर बोलले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या सावित्रीबाई. त्यांना शिकवलं कुणी? जोतीरावांनी. पुरुष म्हणून त्यांना बाजूला बसवायचं का? दुसऱ्या निम्म्या म्हणाल्या, जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं आणि शाळेत शिकवायला उभं केलं. त्यांच्या जागी स्वतः उभे राहून ‘मी तिच्या वतीनं शिकवतो’ असं नाही म्हणाले. हे बोलणं कुणाच्या डोक्यातून निघालं ते आता आठवत नाही, पण त्यावर कुणाला काही उत्तर सुचलं नाही.

आपल्या सुप्रियाताई सुळे बोलल्या ते मात्र सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. पवारांची लेक म्हणून असेल, किंवा मराठी बाई दिल्लीत कशी बोलते म्हणूनही असेल. त्या बऱ्याचशा इंग्रजीत बोलत होत्या. पोरगी सांगत होती तेवढं कळत होतं, बाकी आम्ही तोंडाकडे बघत होतो. आमची तक्रार आहे ती हीच. इतक्या बायका बायकांबद्दल बोलत होत्या आणि बायकांना कळावं अशा भाषेत निम्म्याही बोलल्या नाहीत. दिल्लीचा नियम असेल, पण आमचं मत आम्ही सांगणार.

तर सुप्रियाताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या नेत्यानं त्यांना जाहीरपणे घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं होतं, त्याची आठवण करून दिली. ते बोलणं आम्ही त्या वेळी बातम्यांत ऐकलं होतं. दुसरी गोष्ट अमित शहांच्या बोलण्याला उत्तर म्हणून. बहिणीचं भलं व्हावं असं वाटणारा भाऊ प्रत्येक घरात नसतो, एवढं नशीब सगळ्यांचं नसतं, अशा अर्थाचं. जुलैमध्ये पवारांच्या घरात काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत, म्हणून खोलीत एकदम ‘‘आगं बाई’’ झालं. हशाही झाला. पण आमच्यातल्या एकीनं भावांना जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून दिलंय, ती हसली नाही. उठून चहा टाकायला गेली.

दक्षिणेतल्या खासदार कनिमोळी इंग्रजीत बोलल्या, पण पोरीनं सांगितलेला त्यांचा मुद्दा आमच्या डोक्यात बसलाय. त्यांचा आक्षेप विधेयकाच्या नावातल्या ‘वंदन’ शब्दालाच. आम्हाला नमस्कार नको, पूजा नको, आई-बहीण म्हणून चौरंगावर बसवणं नको, बरोबरीनं चालू द्या, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी गौरी यायच्या होत्या. पावलं काढायची, मुखवटे पुसायचे, साड्या नेसवायच्या. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी. चौथ्या दिवशी नदीवर. एक सून म्हणाली, ‘‘गौरीला निदान अडीच दिवस कुणी कामाला लावत नाही.’’ थोरल्या आत्यांना हे आवडलं नाही. देवाधर्माची थट्टा नको म्हणाल्या. आम्हालाही वाटतं की वंदन म्हटलं म्हणून लगेच वाईट होत नाही. पण वंदन करणारा काही मागितलं की चिडतो, हा अनुभव घरोघरचा आहे.

आता कायद्यातली गोम. हा कायदा लगेच लागू होणार नव्हता. तो झाल्यानंतर जी जनगणना होईल तिचे आकडे यायचे, मग मतदारसंघांची फेररचना व्हायची आणि मग बायकांच्या जागा ठरायच्या. त्याआधीची जनगणना झाली होती २०११ साली. २०२१ ची व्हायला हवी होती, ती तेव्हा झालेली नव्हती. म्हणजे २०२४ च्या निवडणुकीत काही मिळणार नव्हतं. लागू झाल्यावर आरक्षण पंधरा वर्षांसाठी. विरोधी बाकांवरून कुणी याला पुढच्या तारखेचा चेक म्हणालं. आमच्या खजिनदार बाई बँकेत जाऊन येऊन आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘पुढच्या तारखेच्या चेकवर तारीख तरी असते.’’

आमच्यातल्या काहींचं म्हणणं, तारीख नसू दे, कायद्यात बसलं हेच खूप. कारण हे विधेयक पहिल्यांदा आलं सप्टेंबर १९९६ मध्ये, देवेगौडा पंतप्रधान असताना. म्हणजे आज जिच्या हातात रिमोट होता ती पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती. १९९८ साली तर सभागृहातच कागद हिसकावून फाडला. २०१० साली राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत अडकलं. सत्तावीस वर्षं साखरपुडाही होत नव्हता, तो आता झाला. लग्नाची तारीख मागत राहू. हे एक मत. दुसरं मत असं की साखरपुडा करून वर्षानुवर्षं लटकवलेल्या पोरीचं काय होतं ते आपण बघितलंय.

दुपारी जोराची सर आली आणि डिशचं सिग्नल गेलं. थोड्या वेळानं वीजही गेली. मग पोरीनं मोबाइलवर दुसरंच काहीतरी दाखवलं. अमेरिकेत म्हणे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला उभे असलेले दोघं टीव्हीवर समोरासमोर येतात आणि सगळा देश बघतो. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्यापासून ही पद्धत. आपल्याकडे राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, त्यामुळे द्रौपदी मुर्मूंना कुणासमोर असं उभं राहावं लागलं नाही. पंतप्रधानपदासाठीही आपल्याकडे अशी चर्चा होत नाही. व्हावी का? आमच्यातल्या बहुतेकींना वाटतं व्हावी. नुसती सभा ऐकून काय कळतं? समोर विचारणारा पाहिजे.

पोरीनं दाखवली ती २०१६ सालची चर्चा. एका बाजूला हिलरी क्लिंटन, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ट्रम्प. त्या दोघांची ती दुसरी चर्चा होती. त्यात टेबलं नव्हती, दोघं मोकळे फिरत होते. क्लिंटनबाई लोकांच्या प्रश्नाला उत्तर देत होत्या आणि ट्रम्प त्यांच्या मागे येऊन उभे. त्या इकडे सरकल्या की चित्रात मागे हे. बोलणं एक अक्षर आम्हाला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

तेव्हा आमच्या सरपंचबाई हसल्या. हो, आमच्या गटात तेव्हा सरपंच होत्या. २०२१ च्या निवडणुकीनंतर सोडत निघाली, सर्वसाधारण महिला आली आणि त्या सरपंच झाल्या. अडीच वर्षं झाली होती. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझ्यामागं बी असंच उभं असतंय. फरक एवढाच, तिथं बोलणारी बाई हाय.’’

खोलीत कुणी हललं नाही. कारण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मासिक सभेला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे मालक बसतात. लोक त्यांनाच सरपंच म्हणतात. रजिस्टर सहीला घरी येतं, पिठाच्या हातानं सही होते. आम्हीही काम असलं की मालकांनाच गाठायचो, कारण लवकर होतं. हे आमचं चुकलेलं. आज सांगताना लाज वाटते, पण सांगायचं ठरलंय. त्यांना विचारलं, रेडिओवर सांगू का? म्हणाल्या, सांगा, नाव नको.

त्यांचे मालक वाईट माणूस नाहीत. वाडीचा रस्ता त्यांनी धावपळ करून आणला. निवडणुकीला घरचा पैसा त्यांचा गेला. आणि हेही खरं की आपल्या भागात मोठ्या पदावर गेलेल्या बायकांची वाट बहुधा घरातल्या पुरुषावरूनच गेली. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण पतीच्या निधनानंतर लोकसभेत गेल्या. सांगलीकडे तासगावला आर. आर. आबा गेल्यावर सुमनताई आमदार झाल्या. शालिनीताई पाटील वसंतदादांच्या पत्नी, पण पुढं कोरेगावातून स्वतःच्या जोरावर आमदार झाल्या आणि कुणालाही न घाबरता बोलल्या. तेव्हा दार कुणी उघडलं यावरून बाईला कमी लेखू नये. आत गेल्यावर ती काय करते ते बघावं. पण आत गेल्यावर खुर्चीवर तिला बसू तर द्यायला पाहिजे.

संध्याकाळी वीज आली. राहुल गांधी इतर मागासवर्गीय बायकांसाठी वेगळ्या जागा मागत होते. बाकी पक्षांतूनही ती मागणी झाली. हे आम्हाला पटतं, कारण ग्रामपंचायतीत ती सोय आहे आणि तिच्यामुळेच आमच्या दोघी सदस्य झाल्या. शेवटी मतदान चिठ्ठ्यांनी झालं. बाजूनं ४५४, विरोधात २. विरोधातले दोघं ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील. मुस्लिम आणि ओबीसी बायकांना वेगळ्या जागा नाहीत म्हणून. कुणी म्हणालं, बघा, सगळे एका बाजूला आणि हे दोघं आडवे. आमच्या गटातली मुस्लिम बहीण म्हणाली, ‘‘आडवं बोललं म्हणून तर माझं नाव निघालं.’’ तिला दोघी-चौघींनी उलटं विचारलं, नाव काढण्यासाठी सगळ्यांच्याच आरक्षणाला विरोध करायचा? तो वाद आरतीपर्यंत चालला आणि आरतीनंतरही मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात गौरी आल्या आणि त्याच रात्री राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी ते मंजूर झालं. २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, राष्ट्रपतींची सही झाली. दिल्लीचं तिथं संपलं.

आमचं मात्र सुरू झालं. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. कायदा असा आहे की ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, तिला महिला ग्रामसभा म्हणतात. तिच्यात ठरलेलं ग्रामसभेपुढं मांडायचं. आमच्याकडे ती दरवर्षी होते, कागदावर. सह्या आमच्याच असतात. कशावर केल्या ते आम्ही कधी वाचलं नाही. आम्ही पाच जणी ग्रामसेवकांकडे गेलो आणि म्हणालो, या वेळी खरी सभा घ्या. ते म्हणाले, बायका येतात कुठं? आम्ही म्हणालो, बोलावून बघा.

त्याआधी आमच्यात पुन्हा भांडण झालं. एका बाजूचं म्हणणं, सरपंचबाईंनी मालकांना खुर्चीवरून उठवायचंच. थोरल्या आत्या कडाडल्या, ‘‘तुमी घरी जाशीला, तिला त्याच घरात ऱ्हायचंय. एकटीला म्होरं ढकलू नका.’’ शेवटी ठरलं, कुणी त्यांना काही सांगायचं नाही. आपण फक्त समोर बसायचं, पहिल्या रांगेत, सगळ्यांनी.

१ ऑक्टोबरला रविवारी शाळेच्या व्हरांड्यात महिला ग्रामसभा झाली. एकतीस बाया आल्या. मुख्य विषय पाणी. महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांपैकी आपला तालुका, आणि मार्चपासून आम्ही झऱ्यावर वाटीनं हंडा भरतो. पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. डोंगर पाणी धरत नाही, खाली सोडून देतो. झऱ्याला टाकी बांधायची आणि वरच्या दोन वाड्यांना पाइप टाकायचा, असा ठराव झाला. अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याचाही झाला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. मालक नेहमीप्रमाणे आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. आम्ही पहिल्या रांगेत. कुणी काही बोललं नाही. सरपंचबाईंनी पदर सारखा केला आणि खाली बघूनच म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही तिकडं मंडळींत बसा. हितं ग्रामसेवक बसतील.’’ आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मालक एक मिनिट तसेच बसले. मग उठले, दाराशी दहा मिनिटं थांबले आणि निघून गेले.

पुढं बाईंनी विषय स्वतः वाचले. ‘अंदाजपत्रक’ या शब्दाला अडखळल्या, मागून कुणीतरी हसलं, त्यांनी पुन्हा वाचलं. पाण्याचा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला आणि सही करण्याआधी वाचून दाखवायला लावला. काम अजून सुरू झालेलं नाही. प्रस्ताव वर गेलाय, एवढंच आज सांगता येतं.

घरी मालक चार दिवस बोलले नाहीत. सासूबाईही काही बोलल्या नाहीत, पण ग्रामसभेहून आल्यावर चहा त्यांनी ठेवला. पाचव्या दिवशी मालकांनी विचारलं, टाकीचं काय झालं? पुढच्या मासिक सभेला ते आले नाहीत. त्याचा राग आहे का समजूत आहे, ते बाईंनाही कळलेलं नाही. आमच्यातल्या तिघींना अजून वाटतं की आम्ही त्यांच्या संसारात ढवळाढवळ केली. बाकीच्यांना तसं वाटत नाही. सरपंचबाईंना विचारलं तर म्हणतात, ‘‘रोपं लावून होऊ द्या, मग सांगते.’’

आता २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. तेव्हा स्ट्रॉबेरीची तोडणी ऐन भरात असेल, कुणाला वेळ नसेल, म्हणून आत्ताच सांगतो. त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या गावात महिला ग्रामसभा कुठं आणि किती वाजता आहे ते ग्रामपंचायतीत आजच विचारून ठेवा. आमची शाळेच्या व्हरांड्यात, दुपारी तीनला. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायांनी बघायला यायलाही हरकत नाही. येताना चष्मा आणा, रजिस्टरवर वर काय लिहिलंय ते वाचून मग सही करायची आहे.